आजीची बॅग आणि विमानाचे नियम

समजा, तुम्ही ठाण्याच्या वर्तकनगरात राहता आणि तुमची आजी मामाकडे दुबईला निघाली आहे. घरात दोन बॅगा उघड्या पडल्या आहेत. मोठी बॅग विमानतळावर कंपनीच्या स्वाधीन करायची, लहान बॅग आजीने स्वतःजवळ ठेवायची. आजीचा हिशेब सरळ आहे. जे सांडेल, फुटेल किंवा वाटेत लागेल ते जवळ; बाकीचे मोठ्या बॅगेत. त्याप्रमाणे कैरीच्या लोणच्याची बरणी, साजूक तुपाचा डबा, सुपारीचा अडकित्ता आणि पूजेच्या डबीतला कापूर लहान बॅगेत गेला. मोठ्या बॅगेत साड्यांच्या घडीत मोबाइलची पॉवर बँक जपून ठेवली गेली आणि तळाशी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या.

एस.टी.च्या प्रवासाला हा हिशेब कोणी चुकीचा म्हणणार नाही. विमानाच्या प्रवासाला मात्र तो जवळजवळ नेमका उलटा आहे! पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच हवी. अडकित्ता हातात चालत नाही, तो मोठ्या बॅगेत हवा. लोणचे आणि तूप मोठ्या बॅगेत. कापूर तर कुठेच नाही.

विमानतळावर हे नियम कोणी समजावून सांगत नाही. रांग मोठी असते, सुरक्षा दलाच्या जवानाला वेळ नसतो आणि आजीची बरणी टोपलीत जमा होते. "काय वाट्टेल ते नियम करतात," असे म्हणून घरचे लोक परततात. पण या नियमांमागे आपल्या शाळेच्या पुस्तकातलेच पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र आहे. ते एकदा कळले की यादी पाठ करावी लागत नाही.

प्रथम विमानाची रचना डोळ्यांसमोर आणा. विमान म्हणजे एक लांब नळकांडे. त्यात मधोमध आडवी जमीन घातलेली असते. जमिनीच्या वर प्रवासी बसतात आणि खाली मालकक्ष असतो. मोठ्या बॅगा त्या मालकक्षात जातात आणि विमान उतरेपर्यंत कोणाचाही हात तेथे पोहोचत नाही. वरच्या भागात मात्र प्रत्येक वस्तूपर्यंत कोणाचा ना कोणाचा हात पोहोचतो. एखादी वस्तू कुठे ठेवायची, हे ठरवताना दोनच प्रश्न विचारायचे. ही वस्तू आपण होऊन पेटली तर? आणि ही वस्तू वाईट हेतूच्या माणसाच्या हाती लागली तर? पहिल्या प्रश्नाची भीती असेल तर वस्तू माणसांच्या नजरेसमोर हवी. दुसऱ्या प्रश्नाची असेल तर ती माणसांच्या हाताबाहेर हवी. अडकित्ता काही आपण होऊन पेटत नाही, म्हणून तो खाली. पॉवर बँकेने कोणाला भोसकता येत नाही, पण ती पेटू शकते, म्हणून ती वर.

ती पेटते कशी?

पॉवर बँक म्हणजे लिथियम-आयन विद्युत्घटांचा संच. प्रत्येक घटात एक धन आणि एक ऋण असे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक अतिशय पातळ, सच्छिद्र पडदा असतो. हे सारे एका ज्वालाग्राही कार्बनी द्रवात भिजलेले असते. घट चेंबला, वाकला किंवा मुळातच सदोष निघाला आणि पडदा फाटला, की दोन्ही थर एकमेकांना भिडतात. त्या जागी मोठा विद्युत्प्रवाह वाहतो आणि उष्णता निर्माण होते. उष्णतेमुळे घटातील रासायनिक क्रिया वेगाने होतात. त्या क्रियांतून आणखी उष्णता बाहेर पडते. त्यामुळे क्रियांचा वेग आणखी वाढतो. उतारावर ब्रेक निकामी झालेल्या गाडीसारखी ही अवस्था होते. थोड्याच वेळात घट फुगतो, धूर ओकतो आणि पेट घेतो. त्याची धग शेजारच्या घटाला लागते आणि तोही त्याच वाटेने जातो.

आता अशी पॉवर बँक मालकक्षात, साड्यांच्या घडीत असली तर काय होईल? तेथे धूर ओळखणारी यंत्रे असतात. वैमानिक कळ दाबून हॅलॉन नावाचा वायू मालकक्षात सोडू शकतो. हॅलॉन कापडाची, कागदाची ज्वाला चांगली विझवतो. पण तो तापलेल्या घटाला थंड करत नाही. ज्वाला विझली तरी घटाच्या आतली क्रिया चालूच राहते. येथे हवे असते ते पाणी, भरपूर पाणी. आणि पाणी ओतायला हवा असतो माणूस. प्रवाशांच्या कक्षात धूर दिसताच हवाई कर्मचारी आधी आगविझवणी नळकांडे वापरतात आणि मग वस्तूवर पाणी ओतत राहतात. म्हणून पॉवर बँक, मोबाइलचे सुटे घट, कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या नेहमी हातच्या सामानात.

ही भीती कागदावरची नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यू.पी.एस. कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात होत्या. विमान परत फिरले, पण दुबईला उतरू शकले नाही आणि दोन्ही वैमानिक प्राणास मुकले. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणाच्या तयारीत असताना प्रवाशांच्या डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली. आतील १७६ माणसे बाहेर पडू शकली. विमान मात्र जळाले. तपासात पॉवर बँकेकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर १ मार्च २०२५ पासून कोरियाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यासही बंदी केली. ती जवळ किंवा समोरच्या खिशातच ठेवायची. दुबईच्या एमिरेट्स कंपनीने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली.

येथे एक छोटे गणित करू. नियमात पॉवर बँकेची मर्यादा १०० वॅट-तास अशी दिलेली असते; पण डबीवर मोठ्या अक्षरांत छापलेले असतात मिलीअँपिअर-तास. घाबरायचे कारण नाही. मिलीअँपिअर-तासांना १००० ने भागा आणि घटाच्या विद्युत्दाबाने, म्हणजे बहुधा ३.७ व्होल्टने, गुणा. दहा हजारांची पॉवर बँक म्हणजे १० × ३.७ = ३७ वॅट-तास. वीस हजारांची ७४. या दोन्ही चालतात. तीस हजारांची मात्र १११ होते. तिला विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या पुढे प्रवाशाला मनाईच. डबीवरचा आकडा पुसला गेला असेल तर तपासनीसाला हे गणित करता येत नाही आणि तो ती काढून घेऊ शकतो.

आणखी एक सूचना. विमानात तुमचा मोबाइल आसनाच्या फटीत पडला तर आसन पुढेमागे करू नका. यंत्रणेत चेंबून तो पेटू शकतो. कर्मचाऱ्याला बोलवा.

खोबरे आणि कापूर

खोबऱ्याच्या वाटीने काय घोडे मारले आहे, असे आजी विचारील. तिचा प्रश्न रास्त आहे. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल असते. मालवाहू जहाजात खोबऱ्याचे मोठमोठे ढीग रचले जातात. त्यात थोडा ओलावा राहिला तर बुरशी व जिवाणू वाढतात, तेलाचे ऑक्सिडीकरण होते आणि ढिगाच्या आत उष्णता साठत जाते. ढिगाच्या पोटातून ती बाहेर पडू शकत नाही. शेणखताच्या ढिगात हात घातला तर तो गरम लागतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे जोडीला तेल असते. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याला 'आपोआप तापणारा पदार्थ' म्हणून क्रमांक मिळाला आहे: १३६३. त्यामुळे मालकक्षात जाणाऱ्या बॅगेत सुके खोबरे चालत नाही.

आजीच्या दहा वाट्या पेटतील असे मला वाटत नाही. त्यांचा ढीगच होत नाही. पण नियम पदार्थाला लावलेला आहे, वाट्या मोजून नव्हे. आणि दीड-दोनशे बॅगांतील प्रत्येकीत किती वाट्या आहेत, हे मोजत बसणेही शक्य नाही. आग्रह धरला तर अपवादही होतो, हे मात्र खरे. शबरीमलाच्या यात्रेकरूंना आपल्या गाठोड्यातला नारळ हातच्या सामानात नेण्याची परवानगी भारताच्या नागरी विमान सुरक्षा खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिली. ती २० जानेवारी २०२५ पर्यंतच होती आणि प्रत्येक नारळ क्ष-किरणांनी, स्फोटकशोधक यंत्राने आणि हाताने तपासूनच सोडायचा होता.

कापराचे कारण सोपे आहे. आरतीच्या वेळी तुम्ही ते रोज पाहता. कापूर न वितळता थेट वायुरूप होतो आणि ती वाफ झटकन पेटते. काडेपेटी, लायटर आणि फुलबाज्या कापराच्याच रांगेत बसतात. त्या घरीच ठेवायच्या.

पडद्यावर लाडू नारिंगी का दिसतो?

आता सुरक्षा तपासणीच्या पट्ट्याजवळ येऊ. बॅग पेटीत शिरते आणि पलीकडे बसलेल्या माणसाला पडद्यावर रंगीत चित्र दिसते. क्ष-किरणांना रंग नसतो. मग हे रंग आले कोठून? यंत्र कमी व जास्त अशा दोन ऊर्जांचे क्ष-किरण वापरते. दोन्हींचे शोषण किती झाले याची तुलना केली की वस्तूतील मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकाचा अंदाज येतो. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे पदार्थ संगणक नारिंगी रंगवतो. लोखंड, पोलाद, तांबे निळे. मधले पदार्थ हिरवे. आजीचा स्टीलचा डबा निळा दिसतो आणि आतले झाकोळून टाकतो. बेसनाचा लाडू नारिंगी दिसतो. पुस्तक, साबण, चामड्याची चप्पल हीसुद्धा नारिंगी. आणि दुर्दैवाने बहुतेक स्फोटकेही याच हलक्या मूलद्रव्यांची बनलेली असल्यामुळे नारिंगीच! म्हणून दाट नारिंगी गोळे दिसले की डबा उघडायला लावतात. त्यात आजीच्या लाडवांचा अपमान करण्याचा हेतू नसतो.

लॅपटॉप वेगळा काढायला सांगतात तो याच कारणाने. त्यातील बॅटरी आणि दाट मंडले यांच्यामागे काय दडले आहे ते दिसत नाही. कधी कधी जवान बॅगेवरून कापडाची पट्टी फिरवून ती एका यंत्रात घालतो. ते यंत्र पट्टीवरचे कण तापवून त्यांचे आयन बनवते आणि कोणता आयन किती वेळात ठरावीक अंतर कापतो, त्यावरून स्फोटकाचा मागमूस लावते. हाताला लावायच्या मलमातल्या ग्लिसरीनने ते कधीमधी फसते, असे म्हणतात.

द्रव पदार्थांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. लंडनहून अमेरिकेकडे व कॅनडाकडे जाणारी विमाने शीतपेयांच्या बाटल्यांत लपवलेल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा तो बेत होता. त्या द्रवाचा मुख्य घटक हायड्रोजन पेरॉक्साइड. आता पाण्याचे रेणुसूत्र आठवा: हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. पेरॉक्साइडमध्ये हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचेही दोन. मूलद्रव्ये तीच! अणुक्रमांकावरून रंग ठरवणाऱ्या यंत्राला पाणी आणि पेरॉक्साइड यांत फारसा फरक दिसत नाही. म्हणून यंत्राला जमत नाही ते नियमाने साधले. आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातच्या सामानात कोणताही द्रव १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत न्यायचा नाही, आणि अशा साऱ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. मोजतात ती बाटली, आतला द्रव नव्हे. दोनशेच्या बाटलीत तळाशी थोडे खोबरेल उरले असले तरी ती अडते. लहान मुलाचे दूध आणि आवश्यक औषधे यांना सवलत असते. आपल्या देशांतर्गत उड्डाणात पाण्याची बाटली सहसा अडवत नाहीत.

लोणचे, चटणी, दही, मध हे सगळे येथे द्रवच समजायचे. तुपाची तर गंमतच आहे. डिसेंबरच्या पहाटे वर्तकनगरातून निघताना ते थिजलेले असते. मे महिन्यात पातळ. पण नियमाला ऋतू कळत नाहीत. जे ओतता येते, पिळता येते, फासता येते ते द्रव. तिखटाची पुडी द्रव नसूनही हातच्या सामानात सहसा अडवतात, कारण ती डोळ्यांत फेकता येते. तो आपला दुसरा प्रश्न.

पाणी आणि पेरॉक्साइड यांची घनता मात्र वेगळी आहे. पाण्याची १, शुद्ध पेरॉक्साइडची सुमारे १.४५. रुग्णालयातील सी.टी. स्कॅनप्रमाणे बॅगेभोवती क्ष-किरण फिरवून प्रत्येक वस्तूची घनता काढणारी यंत्रे आता आली आहेत. ती बसवलेल्या काही परदेशी विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा सैल झाली आहे. पण परतीच्या वाटेवर जुने यंत्र भेटले, तर जुनाच नियम.

सात किलोच का?

भारतातील बहुतेक कंपन्या साध्या वर्गाच्या प्रवाशाला एकच हातची बॅग देतात: वजन ७ किलो आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५५ × ३५ × २५. १८० प्रवाशांच्या विमानात हातचे सामानच १२६० किलो होते. प्रत्येकाने तीन किलो जास्त आणले तर आणखी ५४० किलो, आणि तेवढे इंधन जास्त.

पण वजनाचे खरे कारण डोक्यावर आहे. विमानाला अपघाती धक्का बसला तर पुढच्या दिशेने गुरुत्वाच्या नऊपट बल सोसता येईल, अशा बेताने आसने आणि वरचे कप्पे बनवावे लागतात. नऊपट म्हणजे सात किलोची बॅग त्या क्षणी ६३ किलोच्या माणसाइतकी जड होते. चौदा किलोची असेल तर १२६. कप्प्याचे कुलूप तेवढ्यासाठी बनवलेले नसते.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे उतरणारे विमान धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि पेटले. त्या लहान विमानातील पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसे होती. धूर आत शिरत होता आणि मोजकीच दारे वापरता येत होती. तरीही सारे ३७९ जण जिवंत बाहेर आले. त्यांनी आपल्या बॅगा कप्प्यांतच सोडल्या होत्या. विमान मंजूर होण्यापूर्वी निम्म्या दारांतून ९० सेकंदांत ते रिकामे करून दाखवावे लागते. बॅग काढायला एका माणसाने दहा सेकंद घेतले तर मागची रांग दहा सेकंद थांबते.

विमानतळावर एक प्रश्न हमखास विचारतात: "बॅग तुम्हीच भरलीत ना?" त्याचेही कारण ऐका. १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर तेल अविवला जाणाऱ्या एका तरुणीची हातची बॅग तपासनीसांनी रिकामी केली. रिकामी झाल्यावरही ती जड लागली. तळाखाली चोरकप्प्यात दीड किलो स्फोटक होते. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने ते तिच्या नकळत ठेवले होते. विमानात तिच्यासह पावणेचारशे माणसे जाणार होती. म्हणून शेजारच्या काकूंनी "आमच्या मुलाला एवढे पुडके द्याल का?" म्हणून दिलेले पुडके आजीने उघडून पाहिले तर काकूंनी रागावू नये. दुबईच्या बाबतीत तर अनारशांचा डबाही पाहावा. अनारशावर खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. त्यापायी लोकांना तुरुंगात जावे लागले आहे.

बरणीचे काय करायचे?

लोणचे मोठ्या बॅगेत गेले. पण बरणी कशी भरायची, हे बॉइलचा नियम सांगतो. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते, पण आतील हवेचा दाब सुमारे २४०० मीटर उंचीइतका राखलेला असतो. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर; म्हणजे त्याच्या जवळजवळ दीडपट उंचीवर आजी बसलेली असते. मालकक्षातही साधारण तोच दाब असतो. समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल असलेला दाब तेथे ७५ च्या आसपास येतो. बरणीत झाकणाखाली १०० मिलिलिटर हवा राहिली असेल तर ती १३५ मिलिलिटर व्हायला बघते आणि तेलाला झाकणाच्या आट्यांतून बाहेर ढकलते. चिवड्याची पिशवी विमानात फुगते तीही याचमुळे. तेव्हा प्लॅस्टिकची बरणी घ्यावी, लोणचे काठोकाठ भरून हवेला जागाच ठेवू नये आणि वरून दोन पिशव्या बांधाव्यात.

हे विमानात न बसताही पाहता येते. पुढच्या सहलीला महाबळेश्वरला गेलात, की प्लॅस्टिकची रिकामी बाटली तेथे बूच घट्ट लावून बंद करा आणि तशीच ठाण्याला आणा. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंच आहे. घाट उतरता उतरता बाटलीच्या बाजू आत ओढल्या जातील. घरी आल्यावर बाटली पाण्याने भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवा, पाण्याखालीच बूच उघडा आणि आत किती पाणी शिरले ते मोजपात्राने मोजा. बाटलीच्या एकूण आकारमानाशी त्याची तुलना करून महाबळेश्वरचा हवेचा दाब किती होता, हे तुम्हांला काढता येईल.